‘तब्येत सुधारली’ म्हणण्याआधी

लग्नाच्या मांडवात वर्षभराने भेटलेले नातेवाईक पहिलं वाक्य बोलतात ते वजनाबद्दल. ‘‘काय वहिनी, तब्येत चांगली सुधारली हो तुमची!’’ चेहरा भरलेला, गालांवर लाली, पोट सुटलेलं. आपल्याकडे याला सुधारणं म्हणतात. वहिनींच्या हातांकडे मात्र कुणी बघत नाही. दंड काटकुळे झालेत. बांगडी भरताना जरा दाब बसला तरी मनगटावर निळे डाग उठतात. पाटावर बसल्या की उठताना दोघींचा हात धरावा लागतो. गेल्या सहा महिन्यांत दोनदा तोंडात पांढरा थर आला, पायाला लागलेली ठेच महिनाभर चिघळत राहिली आणि मध्येच एकदा नागीण उठली. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी वहिनी वेगळ्या डॉक्टरकडे जाऊन आल्या आहेत. हे सगळं एकाच मुळाचं असेल, हे त्यांच्या मनात कधी आलेलं नाही.

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना अशा वहिनी, काका आणि आजोबा मला नेहमी भेटतात. त्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल किंवा त्याचंच औषधी भावंड, म्हणजे स्टेरॉइड, गरजेपेक्षा जास्त झालेलं असतं. वजन, साखर, रक्तदाब याबद्दल त्यांना कुणी ना कुणी बोललेलं असतं. रोगप्रतिकारशक्तीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जिवाला धोका मात्र पुष्कळदा तिथूनच येतो, आणि येताना तो दार वाजवत नाही.

आधी हे कॉर्टिसॉल काय आहे ते बघू. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्यांना हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. कॉर्टिसॉल पहाटे वाढू लागतं, सकाळी सहा ते आठच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्री अगदी खाली येतं. रक्तातली साखर आणि रक्तदाब टिकवणं, आजारपणात किंवा अपघातात शरीराला तग धरायला लावणं, ही त्याची कामं. त्याच्याशिवाय माणूस जगू शकत नाही, म्हणून त्याला खलनायक ठरवू नका.

त्याचं आणखी एक काम म्हणजे दाह आवरणं. चुलीवरचं दूध उतू जाऊ लागलं की आच कमी करणारा एक हात लागतो. जंतू शिरल्यावर प्रतिकारशक्ती पेटते, सूज येते, ताप येतो. काम झालं की ती आग विझवायला कॉर्टिसॉल लागतं. आता तो हात शेगडीच्या बटणावरून उठतच नाही असं समजा. दूध उतू जाणार नाही हे खरं, पण ते तापणारही नाही.

अमेरिकेतले मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये अशा रुग्णांवरचा त्यांचा गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. गोल चेहरा, सुटलेलं पोट, जांभळे पट्टे, ठिसूळ हाडं. आणि मूळ पीयूषिकेतल्या बारीक गाठीत. तेव्हा यावर धड उपचार नव्हते आणि यातले कितीतरी रुग्ण साध्या वाटणाऱ्या जंतुसंसर्गाने दगावत. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांधेवाताने जखडलेल्या एका तरुणीला दिवसाला १०० मिलिग्रॅम कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचंच औषधी भावंड, टोचलं. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चं नोबेल पारितोषिक हेंच, केंडाल आणि राइकस्टाइन या तिघांना मिळालं. पण ज्यांना हे औषध बरेच दिवस दिलं गेलं त्यांचे चेहरे गोल होऊ लागले, त्यांच्या जखमा भरेनात आणि त्यांना जंतुसंसर्ग होऊ लागले. कुशिंग यांनी टिपलेलं आजाराचं चित्र आता औषधातून उमटत होतं.

आजही चित्र तेच आहे. शरीरातल्या गाठीमुळे होणारा कुशिंगचा आजार दुर्मीळ आहे, दहा लाख लोकांमागे वर्षाला जेमतेम दोन-तीन नवे रुग्ण. बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे तसेच झालेले लोक मात्र तुमच्या गल्लीतही असतील.

पेशींचं नेमकं काय होतं?

हा भाग थोडा सावकाश वाचा. पुढच्या सगळ्या सूचना यातूनच निघतात.

कॉर्टिसॉल पेशीच्या आत शिरतं, तिथल्या ग्राहकाला चिकटतं आणि थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन बसतं. तिथे ते दाहाचे निरोप लिहिणारी जनुकं बंद करतं. हे निरोप म्हणजे इंटरल्यूकिन, इंटरफेरॉन, टीएनएफ ही रसायनं. एका पेशीने धोका पाहिला की दुसरीला बोलावते ती यांच्याच जोरावर. निरोपच गेले नाहीत तर फौज जागेवर बसून राहते.

त्या फौजेतल्या लिम्फोसाइट पेशी, त्यातही टी-पेशी, रक्तातून कमी होतात. काही अस्थिमज्जेत परत जातात, काही मरतात. विषाणू, बुरशी आणि क्षयाचे जंतू यांच्याशी लढायचं काम मुख्यतः यांचंच. मॅक्रोफेज पेशी जंतूला गिळतात, पण गिळल्यावर त्याला मारण्याची त्यांची ताकद घटते. न्यूट्रोफिल पेशींची गंमत वेगळीच आहे. एरवी त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात आणि हाक आली की भिंतीतून पलीकडे निसटून जखमेच्या जागी पोचतात. कॉर्टिसॉल जास्त झालं की त्यांना भिंत धरता येत नाही. त्या रक्तातच फिरत राहतात, जखमेपर्यंत पोचत नाहीत.

म्हणून अशा माणसाच्या रक्ताच्या साध्या तपासणीत पांढऱ्या पेशी १४-१५ हजार दिसतात. रिपोर्ट पाहून घरचे म्हणतात, ‘पेशी भरपूर आहेत, प्रतिकारशक्ती चांगली आहे.’ चौकीत पोलीस भरपूर आहेत, रस्त्यावर एकही नाही, असा तो प्रकार असतो. उलट बाजूने चूक अशी होते की, वाढलेला आकडा पाहून संसर्ग नसतानाही अँटिबायोटिक सुरू होतं. तुम्ही स्टेरॉइड घेत असाल तर रक्त तपासायला देतानाच तसं सांगा आणि डॉक्टरांनाही आठवण करून द्या. ज्यांना रोज पन्नास रुग्ण तपासायचे असतात, त्यांना प्रत्येकाच्या गोळ्या पाठ नसतात.

याच्या जोडीला त्वचा कागदासारखी पातळ होते, म्हणजे पहिलीच भिंत कच्ची होते. जखम भरायला लागणारं कोलॅजन नीट बनत नाही. आणि साखर वाढते. वाढलेली साखर पांढऱ्या पेशींना आणखी मंद करते आणि बुरशीला खाऊ घालते.

आता मुख्य मुद्दा. ताप, सूज, लाली, दुखणं ही सगळी लक्षणं जंतू निर्माण करत नाहीत. ती आपल्याच प्रतिकाराची खूण असते. प्रतिकार दाबला की खूणही पुसली जाते. फुप्फुसात न्यूमोनिया असतो आणि थर्मामीटर ९९ वर थांबतो. आतडं फुटलेलं असतं आणि पोट दाबलं तरी माणूस ‘थोडं जड वाटतंय’ एवढंच म्हणतो. क्षय चोरपावलांनी वाढत असतो. पण क्षयाची ओळख ती काय, तर संध्याकाळचा ताप, मंदावलेली भूक, घटतं वजन. स्टेरॉइडने ताप दबलेला, भूक वाढलेली आणि वजन चढलेलं. मग संशय कुणाला येणार?

कॉर्टिसॉल येतं कुठून?

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची गोष्ट आधी करू, कारण ती सर्वांत सरळ आहे. दमा, सांधेवात, ल्युपस, मूत्रपिंडाचे काही आजार यात स्टेरॉइड जीव वाचवतं. शरीर दिवसभरात बनवतं तेवढ्या कॉर्टिसॉलची बरोबरी साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनशी होते. डेक्सामेथासोन इतकं तीव्र असतं की त्याचं पाऊण मिलिग्रॅमच तेवढं काम करतं. गोळी आकाराने लहान म्हणून ‘सौम्य’ समजू नका. गोळ्यांची मात्रा जितकी मोठी आणि दिवस जितके जास्त, तितका संसर्गाचा धोका वाढतो. लिहून दिलेली गोळी आठवडाभराची असते आणि रुग्ण तीच चिठ्ठी दाखवून वर्षभर घेत राहतो, कारण ‘त्या गोळीने लगेच आराम पडतो’. माझ्या अनुभवात निम्मं नुकसान या वाक्यात आहे.

दुसरी वाट पुडीची. सांधेदुखीची काळी गोळी, दम्याची पुडी, वजन वाढवणारं चूर्ण. वर नाव जडीबुटीचं, आत कुटून घातलेलं डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. सगळ्याच पुड्यांत असतं असं नाही. पण खूण सोपी आहे. वर्षानुवर्षांचं दुखणं दोन-तीन दिवसांत जादूसारखं गेलं, भूक खवळली, चेहरा भरला आणि पुडी बंद करताच दुखणं दुप्पट जोराने परतलं, तर त्या पुडीत काय आहे हे विचारायलाच हवं. पाकिटावर घटकांची यादी, बनवणाऱ्याचं नाव आणि परवाना क्रमांक नसेल तर ती पोटात घालू नका.

तिसरी वाट मलमाची. मांडीतल्या नायट्यासाठी मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ती ट्यूब द्या’ म्हणणारे आपण सगळेच आहोत. त्या ट्यूबमध्ये बहुतेकदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड असं त्रिकूट असतं. खाज एका रात्रीत थांबते, कारण दाह थांबतो. बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. नायटा कडेने पसरतो, त्याचं रूप बदलतं आणि चिवट होतो. गेल्या काही वर्षांत देशभर न हटणाऱ्या नायट्याची साथ आली आहे आणि त्वचारोगतज्ज्ञ या ट्यूबकडेच बोट दाखवतात. गोरं होण्यासाठी चेहऱ्याला रोज लावायच्या कित्येक क्रीममध्येही हेच असतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांवर चिठ्ठीचं बंधन घातलं. बंधन कागदावर आहे, ट्यूब काउंटरवर.

मोठ्या माणसात मलमाने सहसा त्वचेचंच नुकसान होतं. तान्ह्या बाळाचं तसं नाही. लंगोटाखालच्या लाल चट्ट्यांना क्लोबेटासोलसारखं तीव्र मलम दिवसातून चार वेळा चोपडलं, वरून डायपर घट्ट बांधला, की ते कातडीतून रक्तात झिरपतं. दोन महिन्यांत बाळ गुबगुबीत होतं, गाल लोंबू लागतात, आजी दृष्ट काढते. आत त्याची प्रतिकारशक्ती ढासळलेली असते. अशा बाळांना गंभीर संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. लंगोटाच्या चट्ट्यांना आधी कोरडेपणा, हवा आणि झिंक ऑक्साइडचं साधं मलम पुरतं. त्याने भागलं नाही तर बालरोगतज्ज्ञ आहेत.

औषधाच्या नावावरून ओळखायची एक ढोबळ युक्ती सांगतो. नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘लोन’ किंवा ‘सोल’ दिसलं, किंवा नावात ‘कॉर्ट’ आलं, तर विचारा. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, डेफ्लाझाकॉर्ट. (पित्ताच्या गोळीतला ‘झोल’ वेगळा, त्यात स्टेरॉइड नसतं.) दम्याच्या पंपातही स्टेरॉइड असतं, पण नेहमीच्या मात्रेत ते फुप्फुसापुरतं राहतं. पंप मारल्यावर चूळ भरून थुंका म्हणजे तोंडात बुरशी होणार नाही. हा लेख वाचून पंप बंद करू नका.

आणि ताणाचं कॉर्टिसॉल? मोबाइलवर ‘कॉर्टिसॉल फेस’चे व्हिडिओ आणि ते उतरवणारी पेयं दोन्ही फिरतात. दीर्घकाळचा ताण प्रतिकारशक्तीवर परिणाम करतो, हे खरं आहे. पण रात्री उशिरापर्यंत जागून सकाळी आरशात चेहरा सुजलेला दिसला म्हणजे कुशिंग झालं असं नाही. ती पेयं विकणाऱ्यांना विकू दे.

बिनतापाचे पाहुणे

२०२१ चा उन्हाळा महाराष्ट्र विसरलेला नाही. ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने आदल्या वर्षीच दाखवलं होतं की, कोविडमध्ये ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिलं तर मृत्यू कमी होतात. ऑक्सिजन न लागलेल्यांना त्याचा फायदा नाही. वाक्याचा पहिला अर्धा भाग गावोगाव पोचला, दुसरा नाही. घरी बसलेल्या मधुमेह्यांनी व्हॉट्सॲपवर आलेल्या चिठ्ठीवरून पहिल्याच दिवसापासून आणि कित्येक आठवडे स्टेरॉइड घेतलं. मग आला म्युकर. ही बुरशी माती, शेण, कुजका पाला, शिळी भाकरी अशी सगळीकडे असते आणि एरवी आपण तिचे कण रोज श्वासात घेऊन पचवतो. साखर चढलेली आणि पांढऱ्या पेशी बांधून ठेवलेल्या, अशा शरीरात ती नाकातून डोळ्यात आणि मेंदूत चढली. तिच्यावरच्या ॲम्फोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. कुणाचा डोळा गेला, कुणाचा वरचा जबडा.

म्युकरची सुरुवात अशी असते: चेहऱ्याची एकच बाजू दुखणं किंवा बधिर होणं, एका बाजूचं नाक चोंदून काळपट स्राव येणं, वरचे दात हलणं, एकाची दोन दिसणं. यात वाट पाहायला वेळ नसतो. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा, रात्र झाली असली तरी.

कोकणात भातलावणी करणाऱ्यांसाठी आणि जिथे लोक ओल्या मातीत अनवाणी वावरतात अशा सगळ्यांसाठी आणखी एक पाहुणा सांगायला हवा. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा सुतासारखा बारीक कृमी तळपायातून शिरतो आणि आतड्यात दशकानुदशकं गुपचूप राहू शकतो, कारण तो माणसाच्या आतच आपली नवी पिढी वाढवतो. प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. स्टेरॉइड मोठ्या मात्रेत सुरू झालं की त्याच्या अळ्या हजारोंनी फुप्फुसापर्यंत आणि त्यापुढेही पसरतात आणि जाताना आतड्यातले जंतू रक्तात नेतात. एरवी कृमी असेल तर रक्तात इओसिनोफिल वाढून इशारा मिळतो. स्टेरॉइड त्या पेशीच नाहीशा करतं. त्यामुळे दीर्घकाळ स्टेरॉइड सुरू होणार असेल तर ‘मी अनवाणी शेतात काम करतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. शौच तपासणी किंवा आधीच घेतलेली आयव्हरमेक्टिनची गोळी हा धोका टाळू शकते. चिखलात गमबूट वापरा, हे ओघाने आलंच.

क्षयाचंही तसंच. फुप्फुसाच्या कोपऱ्यात पेशींनी कोंडून ठेवलेले झोपलेले जंतू आपल्यापैकी बऱ्याच जणांत असतात. दिवसाला १५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभर घेतलं की ते कोंडवाडे फुटण्याची शक्यता वाढते. त्यात मँटू चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते, कारण ती चाचणीसुद्धा प्रतिकाराच्या सुजेवरच चालते. घरात कुणाला क्षय होऊन गेला असेल, तर स्टेरॉइड सुरू होण्याआधी छातीचा एक्स-रे काढून घ्या. कावीळ ब साठी रक्ताची एक तपासणीही त्याच वेळी करून टाका, कारण यकृतात दबलेला तो विषाणूही उसळू शकतो.

रोजच्या व्यवहारात काय करायचं?

पहिली गोष्ट म्हणजे थर्मामीटरवरचा विश्वास कमी करा. स्टेरॉइड घेणाऱ्या किंवा कुशिंग असलेल्या माणसाला ताप आला तर तो गंभीर समजायचा, पण ताप नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही. त्याऐवजी बदलाकडे लक्ष द्या. कालपर्यंत जिना चढणारा माणूस आज पहिल्या मजल्यावर धापतो. कोरडा खोकला आठवडाभर गेलेला नाही. नाडी सतत जलद आहे. कारण नसताना साखर एकदम चढली. जेवणाची वासना गेली. म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागलं. पोट दुखत नाही, पण फुगलंय. यातलं एकही दिसलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: ‘यांना स्टेरॉइड चालू आहे,’ किंवा ‘यांना कुशिंग आहे.’ बाकी सगळं त्यानंतर.

पायाचे तळवे, बोटांची बेचकी, काखा आणि तोंडाचा आतला भाग आठवड्यातून दोनदा उजेडात बघा. लहान जखमेवर हळद दाबून विसरू नका. धुवा, झाका आणि तीन दिवसांत सुधारणा दिसली नाही तर दाखवा. अंगावर एकाच बाजूला पट्ट्यात आग होऊन फोड आले तर ती नागीण. विषाणूविरोधी गोळी पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली तर सर्वांत उपयोगाची. त्यावर मंत्र उतरवणारे गावोगाव आहेत. दोन्ही करायचं असेल तर आधी गोळी.

लसींबद्दल एक फरक लक्षात ठेवा. फ्लू, न्यूमोनिया, कावीळ ब आणि नागिणीची नवी लस यांत जिवंत जंतू नसतात. त्या घेता येतात आणि घ्याव्यात, जमलं तर स्टेरॉइड सुरू होण्याआधीच, कारण नंतर त्यांचा परिणाम थोडा कमी होतो. गोवर-रुबेला, कांजिण्या, बीसीजी, तोंडातून द्यायचे पोलिओचे थेंब यांत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवड्यांहून अधिक चालू असेल तर या लसी टाळतात आणि औषध थांबल्यावर निदान महिनाभर थांबतात. ज्या बाळाला तीव्र मलम लावलं गेलं आहे त्याच्या लसीकरणाच्या दिवशी हे सांगायला लाजू नका. डॉक्टर रागावले तर रागावू देत.

आणि सर्वांत महत्त्वाचं: हे सगळं वाचून घाबरून गोळी एकदम बंद करू नका. बाहेरून भरपूर मिळतंय म्हटल्यावर अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. तीन आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबलं तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. मात्रा डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे हळूहळू उतरवायची असते. त्या काळात ताप किंवा मोठं आजारपण आलं तर उलट मात्रा तात्पुरती वाढवावी लागते, बहुतेकदा दुप्पट. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर थेट रुग्णालय गाठायचं. तिथे हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यावं लागतं. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, मात्रा, किती महिने चालू आहे, घरच्यांचा फोन. रस्त्यात चक्कर येऊन पडलात तर तुमच्या वतीने तीच बोलेल.

गोळी, पुडी, मलम, सांध्यातलं इंजेक्शन यातलं काहीच नाही आणि तरीही चेहरा गोल, मांडीवर-पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, उकिडवं बसून उठता येत नाही, कमी वयात रक्तदाब आणि साखर, पाळी अनियमित, किंवा मूल जाड होतंय पण उंची थांबली आहे, अशी लक्षणं दिसली तर हार्मोनतज्ज्ञांकडे जा. एकदा कधीतरी दुपारी कॉर्टिसॉल तपासून काही कळत नाही. ते दिवसभर चढत-उतरत असतं. योग्य चाचण्या तीन: रात्री अकराच्या सुमारास १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घेऊन सकाळी आठला रक्त देणं, चोवीस तासांची लघवी जमवणं आणि मध्यरात्रीच्या थुंकीतलं कॉर्टिसॉल. यातल्या निदान दोन जुळाव्या लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, त्याने आकडा फसवा येतो. एक विचित्र गोष्टही माहीत असू द्या: चेहरा पुरता कुशिंगचा आणि सकाळचं कॉर्टिसॉल अगदीच कमी आलं, तर संशय पुडीवर घ्यायचा. शरीराने स्वतःचं उत्पादन बंद केलेलं असतं.

गाठ निघाली, ती नाकातून केलेल्या शस्त्रक्रियेने काढली, किंवा पुडी सुटून गोळीची मात्रा उतरली, तरी लगेच सगळं सुरळीत होत नाही. कॉर्टिसॉल झपाट्याने खाली येताना प्रतिकारशक्ती एकदम जागी होते आणि फुप्फुसात आधीच लपून बसलेल्या न्यूमोसिस्टिस बुरशीवर तुटून पडते; तेव्हाच धाप लागते आणि ऑक्सिजन घसरतो. म्हणून ज्यांचं कॉर्टिसॉल फारच चढलेलं असतं त्यांना तज्ज्ञ आधीपासून कोट्रायमोक्साझोलची गोळी देतात. काहींना बरं झाल्यावर थायरॉइडचा दाह किंवा जुना सांधेवात डोकं वर काढतो. इतके दिवस दाबलेलं आता बोलू लागलं, एवढाच त्याचा अर्थ. अंग मोडून येतं, झोप येत नाही, मन खचतं. हे महिने सांभाळायचे असतात, आणि या महिन्यांतच बहुतेक जण परत पुडीकडे वळतात.

मी माझ्या रुग्णांना उरलेल्या पुड्या आणि ट्यूब फेकायला सांगत नाही, पिशवीत घालून आणायला सांगतो. दिवसाला किती पुड्या आणि किती महिने, हे कळलं तर मात्रा किती हळू उतरवायची याचा अंदाज बांधता येतो. शिवाय अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची तर हातात नमुना हवा. एक काकू परवा अशी पिशवी घेऊन आल्या. चेहऱ्याची सूज बरीच उतरली होती. म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, आता सगळे विचारतात, इतक्या का वाळलात?’’ पाटावरून उठता येतं का, असं मी विचारलं. त्यांनी खुर्ची मागे सारली, खाली फरशीवर बसल्या आणि टेबलाला हात न लावता उठून दाखवलं.